काचेवर राहिलेली मार्कशीट

ऐंशीनंतर कधीतरी आमच्या नागपूरच्या ऑफिसात झेरॉक्स मशीन आलं आणि माझा भाव वधारला. तोवर मी साधी टायपिस्ट. साहेबांनी मशीन शिकायला मलाच धाडलं, तेव्हापासून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मशीन मात्र हेडक्लार्क असलेल्या बडेबाबूंच्या टेबलाशेजारी होतं आणि नियम कडक होता: खासगी कागद काढला की मेमो.

आमचा चपराशी पारशिवनीकडचा. त्याच्या मुलीची नर्सिंगची मुलाखत शनिवारी होती आणि मार्कशीटच्या दोन नकला हव्या होत्या. मी टाइप करून दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण मला मिरवायचं होतं. शुक्रवारी बडेबाबू डबा खायला गेल्यावर मी त्याला मशीनपाशी नेलं. पहिली प्रत काळीकुट्ट आली. फिकं करायचं बटण फिरवलं, तर दुसरीत गुणच दिसेनात. तो कौतुकाने बघत होता, म्हणून मी उगाच आणखी फिरवाफिरवी केली. तेवढ्यात जिन्यात बडेबाबूंच्या चपला वाजल्या. शेवटच्या दोन बऱ्या प्रती लिफाफ्यात कोंबून त्याच्या हाती दिल्या आणि मी जागेवर पळाले.

शनिवारी मी रजा घेऊन बहिणीकडे अमरावतीला गेले होते. सोमवारी मशीनचं झाकण उचललं, तर काचेवर मूळ मार्कशीट पालथी पडलेली.

मूळ कागद नाही म्हणून मुलीला परत पाठवलं होतं आणि जागा दुसरीला गेली होती, हे शेजारच्या टेबलावरून कळलं. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. मला मेमोची भीती वाटली. तो पाणी भरायला गेला तेव्हा मी मार्कशीट हळूच त्याच्या थैलीत सरकवली. दुपारी तो सगळ्यांदेखत म्हणाला, "माह्याच थैलीत होती जी. मीच येडा." मी मान खाली घालून टाइप करत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलीचं लग्न झालं. मी ऐपतीबाहेरची साडी घेऊन गेले. पाप साडीने झाकतं असं वाटलं असावं. ती पाया पडली तेव्हा मी पुटपुटले, "तुझं नर्सिंग राहूनच गेलं गं."

"लिफाफा उघडला तवाच समजलं, बाई, मशीनवरच राहिली म्हणून," ती हळू आवाजात म्हणाली. "मुलाखतीच्या दिवशी सकाळीच बाबा धावत ऑफिसात गेले होते. पण बडेबाबू तिथंच बसून होते. मार्कशीट मागितली असती तर तुमचं नाव निघालं असतं. तसेच परत आले. मले म्हणे, बाईचं नाव कोणापाशी काढू नको."

"तुला राग नाही आला?"

"आला ना. अजून येते." मग तिने साडी मांडीवर ठेवली. "जेवून जा."

पंगतीत वाढायला तिचा बापच आला. माझ्या पानात त्याने आग्रहाने बुंदीचे दोन लाडू ठेवले. मला ते गिळवेनात, आणि पानात टाकून उठायचीही हिंमत होईना.