बाळ गुलाबी, टॉवेल निळा

छत्रीबाईचं खरं नाव विचारलंत तर शेजारणीलाही चटकन सांगता येणार नाही. काखेत पांढरी छत्री, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग आणि हातात दिव्यांचे स्टँड अशी ती जिना चढताना दिसली, की लोक ओळखायचे, कुणाच्या तरी घरी बाळ आलंय. ही छत्री ती पावसात कधीच उघडत नसे. ती उघडायची लोकांच्या घरात, आणि दिव्याचा उजेड त्या पांढऱ्या कापडातून गाळून बाळावर सोडायची. "लोकांना वाटत असेल, हिच्या गिऱ्हाइकांची छपरं गळतात," असं तिचा नवरा म्हणायचा. तो बसचा ड्रायव्हर, नुकताच निवृत्त झालेला, त्यामुळे असल्या विनोदांना त्याच्याकडे वेळच वेळ होता.

आधी ती पाळणाघर चालवायची. मालकाने जागा विकली आणि सगळं आवरावं लागलं. खेळणी वाटून झाली, छोट्या गाद्या देऊन झाल्या, आणि बाई घरी येऊन नुसती बसून राहिली. इतकी वर्षं कानाशी रडारड असायची, आता घर खायला उठलं. तेव्हा धाकट्या दिराने आपला जुना कॅमेरा आणून तिच्या हातात ठेवला. "वहिनी, तुझं पोरांशिवाय भागत नाही ना? मग पोरांचे फोटो काढ." तो एवढंच म्हणाला, पण बाई त्याचं गुणगान आजही गाते. घरी आलेला पाहुणा ते ऐकल्याशिवाय सुटत नाही.

मग नवशिक्यांसाठी मिळतो तो दिव्यांचा सेट आला. फोनवर व्हिडिओ बघून शिक्षण सुरू झालं. सराव कुणावर करणार? नवऱ्याला खुर्चीत बसवून त्याच्या टकलावर केला. टक्कल काय आणि बाळाचं डोकं काय, उजेड दोन्हीवरून सारखाच घसरतो. स्टँड बाळाच्या अंगावर पडला तर काय, या धास्तीने तिने नवऱ्याच्या जुन्या पँटचे पाय कापले, त्यांत वाळू भरली, तोंडं शिवली आणि ती वजनं स्टँडच्या पायांवर टाकली. "माझे पाय तेवढे ठेवलेस, उपकार झाले," नवरा म्हणाला.

हळूहळू हात बसला. दिवा हनुवटीखालून मारायचा नाही, बाळ भुतासारखं दिसतं. तो डोक्याच्या बाजूने, उंचावरून, जरा तिरका ठेवायचा. खोली उबदार हवी आणि आपले हात त्याहून उबदार. अंगठी, घड्याळ, बांगड्या सगळं उतरवून ठेवायचं. आणि काम झालं की बाई आभार मानायची. बाळाच्या आईचे मानले तर ठीक, पण ही बाळाचेही मानायची. "थँक्यू हं राजा, छान झोपलास." इतकं थँक्यू थँक्यू कुणी करतं का? पण ती करायची, आणि मनापासून करायची.

आता सगळं असं गोडच चाललं असतं तर सांगायला काही उरलं नसतं. मध्येच तिची फजिती झाली. एका घरात खोली फार लहान होती, म्हणून तिने दिवा भिंतीकडे वळवला. भिंतीवर पडून परत आलेला उजेड मऊ होतो, असं व्हिडिओत सांगितलं होतं. व्हिडिओतली भिंत पांढरी होती, या घरातली पिवळीधमक. बाळ डोक्यापासून पायापर्यंत पिवळं आलं. आजोबांनी फोटो परत पाठवले आणि वर निरोप दिला, "आमच्याकडे नातू झालाय, लिंबू नाही." हे वाक्य बघता बघता सगळ्या गल्लीत पोचलं. लोक हसले आणि हसता हसता बोलवायचे बंद झाले. छत्री कोपऱ्यात उभी राहिली ती राहिलीच. बाईच्या फार जिवाला लागलं. त्या दिवसांत नवऱ्यानेसुद्धा एकही विनोद केला नाही, यावरून काय ते समजा.

अशात एक फोन आला. बोलणारी बाई एका बाळाची आत्या होती आणि तिच्या तोंडाला काही फाटक नव्हतं. "ती लिंबाची गोष्ट ऐकलीये मी," ती म्हणाली. "पण आमच्या वहिनीला बाहेर पडायचं नाही, आणि घरी येणारं दुसरं कुणी मिळत नाही. तेव्हा या. पण रंग नीट आले पाहिजेत." छत्रीबाईने याबद्दलही तिचे आभार मानले. हे काम बिघडलं तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाळाच्या खोलीत जाड केशरी पडदे ओढलेले, कोपऱ्यात एक मिणमिणता पिवळा दिवा आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेली दुपटी. बाळाची आई पलंगाच्या कडेला उशीला टेकून बसली होती. पहिलटकरीण, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण बाळाकडे बघताना चेहरा असा की बघतच राहावं. बाळाला अजून आठवडाही झाला नव्हता. बाप दाराशी उभा राहून काही आणायचंय का, काही आणायचंय का, असं सारखं विचारत होता. छत्रीबाईने आधी भिंती बघितल्या. चारही पांढऱ्या. तिचा जीव भांड्यात पडला.

तिने घरातले दिवे बंद केले, पडदे होते तसेच ठेवले, म्हणजे फक्त आपल्या दिव्याचा उजेड राहील. पलंगावर आपला पांढरा टॉवेल अंथरला. कॅमेऱ्याला कोरा कागद दाखवून पांढरं म्हणजे काय ते समजावलं, कारण ते एकदा समजलं की तो बाकीचे रंग खरे दाखवतो. मग बाळाला टॉवेलवर ठेवलं. काय गुणी बाळ होतं ते. पाय मुडपले तर मुडपलेले राहिले, हात गालाखाली सारला तर तिथेच राहिला.

"असंच आहे हो," आत्या कौतुकाने म्हणाली. "त्रास म्हणून नाही. दुधालासुद्धा उठवावं लागतं."

छत्रीबाईने पहिला फोटो काढला आणि स्क्रीनवर बघितला. बाळ पिवळं होतं.

तिने दिवा हलवून बघितला. छत्री काढून दिव्यावर उजेड मऊ करणारी कापडी पेटी लावली. कॅमेऱ्याला कागद पुन्हा दाखवला. पुन्हा पिवळं. पाठीमागे आत्या येऊन उभी राहिली. "बघू तरी कसे येतायत."

"एक मिनिट हं, दिवा जरा नीट लावते," छत्रीबाई म्हणाली, पण हात दिव्याकडे गेलाच नाही. कॅमेऱ्यात एक सोय असते, अख्खं चित्र निळ्याकडे किंवा पिवळ्याकडे सरकवता येतं. तिने ते निळ्याकडे सरकवलं. आणखी थोडं. आणखी. बाळाचे गाल गुलाबी झाले, ओठ गुलाबी झाले, इवल्या मुठी गुलाबी झाल्या. मग तिने भराभर फोटो काढले.

घरात नुसता आनंदीआनंद. आत्याने कॅमेऱ्याच्या स्क्रीनचाच फोनवर फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवून दिला. "कोण म्हणतं हिला फोटो येत नाहीत?" ती म्हणाली. बाळाच्या आईने फोन हातात घेतला तो सोडेचना. बापाला इतका वेळ करायला काही नव्हतं, तो चहा टाकायला गेला. छत्रीबाईला हायसं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. सुटलो बाई एकदाचे, असं मनात म्हणत तिने बाळाला आईच्या कुशीत दिलं आणि आवराआवर करायला घेतली.

टॉवेलची घडी घालताना तिचे हात थांबले. हातातला टॉवेल पांढराशुभ्र होता. तिने कॅमेरा उचलून गुलाबी फोटो परत बघितला. त्यात टॉवेल निळा होता. मग आधीचा, वाया गेलेला फोटो उघडून बघितला. त्यात टॉवेल अगदी पांढरा, हातातल्यासारखा. म्हणजे कॅमेरा तेव्हा खरं बोलत होता. टॉवेल पांढरा आणि बाळ पिवळं, दोन्ही खरं होतं.

आता बोलायचं की नाही? सगळे खूश होते. चहा येत होता. चारचौघांत पुन्हा पिवळ्याचं नाव काढायचं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा. शिवाय ती काही डॉक्टर नव्हती, आणि या दिव्यांच्या बाबतीत तिची चूक एकदा झालीच होती. पण बाळ दुधालाही उठत नाही, हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. पाळणाघरात न रडणाऱ्या मुलाचाच तिला जास्त घोर लागायचा.

"एक बोलू का?" ती म्हणाली. "ते गुलाबी फोटो खरे नाहीत. मी रंग बदलला. बाळ मला पिवळं वाटतंय. डॉक्टरांना दाखवून आणा."

आत्या उसळली. "वा. तुम्हाला फोटो जमत नाहीत म्हणून आता बाळाला नावं ठेवता? परवाच दवाखान्यातून आणलंय त्याला. तिथल्या लोकांना दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं?"

"परवा नसेलही," छत्रीबाई म्हणाली. "मी चुकत असेन तर हसा मला. एकदा हसलेच आहेत लोक. पण दाखवून आणा."

उठताना बाळाच्या आईला त्रास होत होता, तरी ती उठली. बाळाला घेऊन खिडकीशी गेली आणि एका हाताने पडदा सर्रकन बाजूला केला. दुपारचा स्वच्छ उजेड आत आला. तिने छत्रीबाईकडे हात केला, तशी छत्रीबाईने टॉवेल तिच्या हातात दिला. तिने तो बाळाच्या गालाशी धरला. मग अंगठ्याने हलकेच पापणी वर केली. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नव्हता. आत्याही बघत होती. तिचा चेहरा उतरला.

"गाडी काढ," ती आपल्या भावाला म्हणाली. "चहा राहू दे."

कावीळच होती ती. तान्ह्या बाळांना होते, बहुतेकांची आपोआप जाते, पण या बाळाची वाढत चालली होती आणि त्या गुंगीत ते पोटभर पीतही नव्हतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि लगेच दाखल करून घेतलं. आज आणलंत हे फार बरं केलंत, असं म्हणाले. हे सगळं छत्रीबाईला आत्याने फोन करून सांगितलं. माफी वगैरे मागणाऱ्यातली ती नव्हे. शेवटी म्हणाली, "दिवा चांगला आहे हो तुमचा," आणि फोन ठेवून दिला.

बाळाला बरं वाटतंय असं कळल्यावर छत्रीबाई दवाखान्यात गेली. कॅमेरा न घेता गेली. बाळ काविळीवर लावतात त्या निळ्या उजेडाखाली उघडं झोपलं होतं, डोळ्यांवर मऊ पट्टी. त्याची आई शेजारी स्टुलावर बसली होती. छत्रीबाईला बघून तिने तिचे दोन्ही हात धरले. "तुमचे आभार कसे मानू मी?" एवढंच कसंबसं म्हणाली.

"माझे नको मानूस गं," छत्रीबाई म्हणाली. "मला पहिल्याच फोटोत दिसलं होतं. मी घाबरले माझ्या नावाला. म्हणून त्याला गुलाबी केलं. टॉवेल हातात आला नसता तर तशीच घरी गेले असते."

बाळाच्या आईने हात सोडले नाहीत.

"मी त्याची आई," ती म्हणाली. "रात्रंदिवस त्याला घेऊन बसलेय, मला दिसलं नाही. आणि तो गुलाबी फोटो मला इतका आवडला होता, मावशी, की तुम्ही गप्प बसला असतात तर मी तो फोटोच बघत बसले असते. बाळाकडे बघितलंच नसतं."

तेवढ्यात बाळ हललं. तोंड वाकडं केलं आणि त्याने असं भोकाड पसरलं की पलीकडच्या खाटेवरचं मूलही जागं झालं. नर्सने दिवा बंद केला, डोळ्यांवरची पट्टी काढली आणि म्हणाली, "घ्या, भूक लागलीये साहेबांना." आईने त्याला उचललं, पण पदराशी न घेता आधी छत्रीबाईच्या हातांत दिलं. बाळ लाथा झाडत होतं, मुठी वळत होतं, एक क्षण स्थिर राहत नव्हतं. छत्रीबाईने त्याला छातीशी धरलं. देवाचे, दिराचे, कुणाकुणाचे उपकार मानावेत तिला कळेना. आईने हात पुढे केले तरी तिला त्याला लगेच देववेना.