रानात बोलायची भाषा

कायेममामाचं आयुष्य डोंगरावर तोंड सांभाळण्यात गेलं आणि आमचं त्याला हसण्यात. आज आम्हा सगळ्यांची शिसारी येते मला, आणि त्यात पहिला नंबर माझाच.

आमची गावातली भाषा एक आणि डोंगरी केवड्याच्या रानातली दुसरी. क्रियापदं दोन्हीकडे तीच मूठभर. साधं ‘लाकूड आणलं’ म्हणायचं तर ‘गेलो, तोडलं, धरलं, आलो, ठेवलं’ अशी माळ ओवावी लागते. पण रानात पाणी, कुत्रा, कुऱ्हाड, हात सगळ्यांचे शब्द बदलतात, आणि माणसाचं नाव तर घ्यायचंच नाही. गावातला एक शब्द जरी तिथे सांडला, तरी केवड्याच्या खायच्या बिया आतून सडतात, असं मामा सांगे. सात वर्षांचा असताना तो रानात ‘आई’ म्हणून रडला, तेव्हा बापाने त्याच्या तोंडात खाजरा पाला कोंबला होता. “बरं केलं बाबांनी,” असं तो वर कौतुकाने सांगायचा.

ती रानबोली पुरती येणारा तो एकटाच उरला होता. आम्ही टोक पिसिनमध्ये, म्हणजे देशभर चालणाऱ्या मोडक्या इंग्रजीसारख्या बाजारी बोलीत, बडबडणारे. गावची भाषासुद्धा आम्हाला डुकरं हाकलण्यापुरती लागायची.

“या खेपेला तरी शिका रे,” केवड्याच्या हंगामाला वर रानात निघताना मामा म्हणाला. “मी मेलो की रानाशी बोलणार कोण?”

“मामा, बिया बुरशीने सडतात, बोलण्याने नाही,” लुकास म्हणाला. हा माझा चुलतभाऊ, हागेन शहरातून सुट्टीवर आलेला. गळ्यात गाणी वाजवणारा डबा अडकवून तो रानभर बोंबलत फिरला. आम्ही त्याला एका शब्दाने अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाट धुकं होतं. मी हातातल्या फोनकडे बघत पुढे चाललो होतो. मागून मामा रानबोलीत काहीतरी ओरडला. पुन्हा ओरडला. फोन बघतोय म्हणून रागावला असेल, असं वाटून मी मागे न बघताच हात हलवला.

“कोंगा! थांब, पुढे कडा आहे!”

गावच्या भाषेत, आणि तेही माझं नाव घेऊन. मी थांबलो. खाली बघितलं तर एका पावलाची बोटं शेवाळाच्या पुढे, हवेत होती.

पहिला लुकास हसला. “घ्या! रान तूच बाटवलंस की मामा!” मग सगळेच हसले. पाय मागे घेतला आणि मीही हसलो. त्या हसण्याची अजून किळस येते मला. मामा मटकन खाली बसला आणि ओल्या शेवाळाने तोंड पुसत राहिला.

तीन दिवसांनी गावात शेकोटीपाशी फळं फोडली. मामा कडेला उभा राहून एकेक बी बघत होता. एकही सडलेली निघाली नाही. भरलेल्या, तेलकट, गोड. कित्येक वर्षांत अशा आल्या नव्हत्या.

“साठ वर्षं उगाच तोंड शिवून बसलास,” लुकास भरल्या तोंडाने म्हणाला. मामा घरात गेला.

तो पुढे चार वर्षं जगला, पण वर कधी गेला नाही आणि रानबोलीचा एक शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नाही. शेवटच्या पावसाळ्यात मी वही घेऊन त्याच्याकडे गेलो. म्हटलं, “मामा, शिकव मला.”

“कशाला?” तो म्हणाला, तेही टोक पिसिनमध्ये. “बिया चांगल्याच येतात की. जा, खा.”