काढ तुझी वटी

"काढ. भाईर काढ तुझी वटी."

काकी घाटाच्या वरच्या पायरीवर उभी व्हती आन् माझी आई खाली गुडघाभर पान्यात. आईच्या हातात रिकामं ताट. नारळ पान्यावर डुचमळत व्हता. हिरवा खन पसरून तरंगत व्हता. तांदूळ तर कवाच तळाला गेले व्हते. मी चार पायऱ्या वर, बारा वर्षांची, हातात हळदकुंकवाची डबी. काय चुकलं तेच मला कळंना.

काकी म्हंजी सोसायटीच्या चेअरमनची बायको. सगळं गाव तिला काकी म्हनायचं. आमाला त्या गावात येऊन आठ दिवस झाले व्हते.

आमचं गाव पश्चिमेला, डोंगरात. तिथं धरन झालं आन् गाव पान्याखाली गेलं. सरकारनं आमाला ट्रकात घातलं. मानसं, दोन गाया, एक म्हस, भांडी, अन् बापानं काढून घेतलेली घराची चौकट. दौंड तालुक्यातल्या ह्या माळावर, तळ्याच्या कडंला, पत्र्याच्या शेडात आनून सोडलं. साहेब म्हनला, "तळं जवळ आहे, पाण्याची काळजी नाही." आन् जीपमधी बसून गेला.

आमच्या डोंगरात एक रीत हाय. नव्या ठिकानी गेलं की तिथल्या पान्याची आधी वटी भरायची, मग ते प्यायचं. नवी नवरी सासरी आली तरी आधी नदीची वटी. पान्याला सांगायचं, आमी आलोय, सांभाळून घे. म्हनून आठ दिवस आईनं तळ्याचा थेंब घेतला न्हाई. हापशाचं खारट पानी आमाला पाजलं, आन् शुक्रवारची वाट बघितली. खन तिच्या म्हायेरचा व्हता. तांदूळ आमच्या खाचरातले, बुडालेल्या रानातलं शेवटचं पसाभर. ते तिनं फडक्यात बांधून आनले व्हते.

ह्या गावात येगळंच व्हतं. हितं वटी वर्साला एकदाच भरायची. तळं भरून सांडव्यावरनं पानी पडलं की. आन् ती बी एकाच घरानं. चेअरमनच्या. गावातली दुसरी कुनी बाई तळ्याची वटी भरायची न्हाई. आमाला हे कोन सांगनार? कागदावर तर न्हवतं.

"आज आलीस आन् आजच मालकीन झालीस व्हय गं?" काकी म्हनली. "काय करनी-बिरनी करून तळं बाटवतीस का काय? काढ."

आईनं नारळ काढला. खन काढला, पिळला, खांद्यावर टाकला.

"आन् तांदूळ?"

"बुडालं जी ते."

"बुडालं तर चाचप. दाना न् दाना भाईर पायजे."

आई वाकली. पानी तिच्या गळ्याला लागलं. ती चिखलात हात घालून चाचपायला लागली. घाटावर धुनं धुनाऱ्या बायका हात थांबवून बघत व्हत्या. एक म्हनली, "भातखाऊ हाय ती, भात सोडती व्हय!" सगळ्या हसल्या. बांधावर बापय मानसं गोळा झाली. आईचं लुगडं अंगाला चिकटलं व्हतं, तिला धड उभं ऱ्हाता येईना आन् वाकता येईना. माझा बाप त्या मानसांतच व्हता. पळत खाली यील असं मला वाटलं. तो आला न्हाई. तिथनंच हात जोडून म्हनला, "चुकलं, काकी. आमी नवं हावोत."

किती येळ गेला, ठावं न्हाई. आईची मूठ चिखलानं भरली. त्यात चार-दोन दाने पांढरे दिसत व्हते. तिनं ती मूठ काकीला दाखवली. शाळंत पोरं मास्तरला पाटी दाखवत्यात तशी.

"घरी ने," काकी म्हनली. "शिजवून खा."

आन् आईनं शिजवले. चिखल धुतला, फडक्यात उरलेले चिमूटभर तांदूळ त्यात घातले आन् चुलीवर ठेवले. फेकून द्यायचा जीव झाला न्हाई तिला. आमी तो भात खाल्ला. दाताखाली कचकच वाजत व्हती. कुनी कुनाकडं बघितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दवंडी न्हाई, कागद न्हाई, नुसता निरोप आला. घाट गावाचा. नव्यांनी सांडव्याकडनं पानी भरायचं. सांडव्याकडं गावाच्या म्हशी बसायच्या. वरनं हिरवं, खालनं काळं. हापशाचं खारट पानी पोटाला सोसंना, म्हनून आमी ते फडक्यानं गाळून प्यायचो. घाट आमच्या शेडापासनं दोनशे पावलं. सांडवा तळ्याला वळसा घालून पल्याड.

बापाच्या तोंडातनं गेलेला तो शब्द गावानं उचलला. नवं. आमच्या वस्तीची नवी वस्ती झाली, आमी नव्या झालो. आईला तिच्या नावानं त्या गावात कुनी हाक मारली न्हाई. "ए नवे." शाळंत गुरुजी म्हनायचे, "नवी पोरं मागं." पहिल्या वर्सी म्हनले, ठीक. मी सातवी झाले, धावी झाले, तरी नवीच. आमच्या मागनं लगीन होऊन गावात आलेल्या सुना दोन वर्सात जुन्या झाल्या, आमाला हुकूम सोडायला लागल्या. आमच्या गायींच्या कालवडी व्याल्या, त्यांच्या कालवडी व्याल्या. आमी नव्याच. आरं, नवी चप्पल बी एका पावसाळ्यात जुनी होती!

आन् आई? आईनं मान जी खाली घातली ती घातलीच. तळं भरायला आलं की काकीचा सांगावा यायचा, "नवीला पाठवा, घाट घासायचाय." आई वीट घेऊन जायची. शेवाळ घासून पायऱ्या लख्ख करायची. ज्या पायऱ्यांवर वर्सभर तिला पाय ठेवता येत न्हवता, त्या. मग जलपूजनाला काकी वटी भरायची आन् आई शेजारी ताट धरून उभी. घरी आल्यावर सांगायची, "काकींनी मलाच ताट धरायला बोलावलं, दुसऱ्या कुनाला न्हाई." तिला त्याचं कौतिक वाटायचं.

मला आईचा राग यायचा. काकीपेक्षा जास्ती. हे लिव्हायला लाज वाटती, पन खरं हाय ते. मला वाटायचं, हिला हाडं हायत का न्हाईत.

बारावी झाल्यावर मी कुरकुंभला कंपनीत लागले. ठेकेदाराकडं, औषधाच्या बाटल्या भरायच्या पॅकिंगला. तिथं ओरिसाची, बिहारची पोरं-पोरी व्हत्या. सुपरवायझर त्यांना "ए भैया" म्हनायचा, मला नावानं हाक मारायचा. माझं पुरं नाव, बापाचं, आडनावासकट, मस्टरवर. पहिल्यांदा त्यानं हाक मारली तवा मी वळलेच न्हाई. कुनाला बोलावतोय असं वाटलं. माझं नाव मलाच नवं झालं व्हतं.

मग दुष्काळ आला. लागोपाठ. तळं आटलं, आटलं, आन् एका उन्हाळ्यात पार कोरडं पडलं. रोजगार हमीवर गाळ काढायचं काम निघालं. खड्ड्यात उतरायला कोन? नवी वस्ती. काकीच्या घरचं ट्रॅक्टर तो गाळ त्यांच्याच रानात न्यायचं. माझी सुट्टी असली की मी बी आईबरोबर पाटी उचलायला जायची.

एक दिवस आमची रांग घाटापुढं आली. मी फावडं मारलं आन् करवंटी लागली. अजून मारलं, दुसरी. मग कुजलेले खन, एकावर एक, चिखलात थापलेले. हिरव्या बांगड्या. एक पितळंची कोयरी. वर्सावर्साच्या वट्या तिथं तळाला निवांत पडल्या व्हत्या.

मी तशीच उभी ऱ्हायले. माझ्या कानात एकच वाजत व्हतं. ह्या कुनी काढायला लावल्या न्हाईत. इतक्या वर्सांत एक बी न्हाई. तळ्याला आमची वटी नको व्हती असं न्हाई. तळ्याला काय, ते सगळं पोटात घेतं. नको व्हतं ते काकीला. आन् आमी समजलो, पान्यानंच आमाला नको म्हनलं.

"आई, ह्या कुनाच्या गं?"

आई आली. बघितलं. पाटी खाली ठेवली, पदर डोईवर घेतला. "काकींच्या हायत. पायाखाली येऊ देऊ नको, पाप लागतं." आन् तिनं त्या करवंट्या, ते खन, त्या बांगड्या एक एक उचलून पदरात घेतल्या. बांधावर झाडाखाली नेऊन ठेवल्या. वर हात जोडले. बारा वर्सांमागं तिच्या मुठीतला चिखल मी बघितला व्हता. आज परत तोच चिखल तिच्या हाताला, आन् ती पाया पडत व्हती.

त्या दिवशी मला आईचा राग आला न्हाई. पहिल्यांदाच न्हाई आला. मी पाटी उचलली आन् मनात ठरवलं.

पुढच्या साली तळं भरलं. आमी खनलेलं तळं, आधीपरीस दुप्पट पानी धरलं त्यानं. जलपूजनाला आमदार येनार, मांडव पडला, भोंगा लागला. आई आदल्या दिवशी घाट घासून आली. मी कंपनीत सुट्टी टाकली. आईच्या ट्रंकंतनं तो हिरवा खन काढला. तिनं तो कवा शिवला न्हवता. एका कडंला चिखलाचा डाग तसाच. तांदूळ मात्र रेशनचे. आमच्या खाचरातला दाना आता कुठला?

घाटावर सगळं गाव. काकीचे गुडघे गेले व्हते, सुनंचा हात धरून ती खाली आली. "नवे, ताट धर." आईनं धरलं. काकीनं वटी भरली. टाळ्या झाल्या.

मी पायऱ्या उतरले. पान्यात गेले, गुडघाभर. खन सोडला. नारळ सोडला. तांदूळ सोडले. हळदकुंकू वाह्यलं.

भोंगा चालूच व्हता.

"काढ," काकी म्हनली. तोच शब्द. आवाज तेवढा म्हातारा झाला व्हता.

चेअरमन पुढं आले. "पोरी, पाव्हन्यांसमोर तमाशा नको. काढ आन् घरी जा."

"न्हाई काढत."

मागं ताट आदळलं. खनखनत पायऱ्यांवरनं पान्यात आलं. आई! लुगडं वर खोचून ती पान्यात उतरली व्हती. "चुकलं, काकी. पोरगी हाय. मी काढते, मी काढते की." कुनी तिला सांगितलं न्हवतं. तिचे हातच चालले खनाकडं.

मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं. दोन बांगड्या वाढल्या, रक्त आलं. "आई, हात लावायचा न्हाई."

तिनं दुसऱ्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. अख्ख्या गावासमोर. कुनीतरी हसलं. मी मनगट सोडलं न्हाई.

"आपल्याला हितंच ऱ्हायचंय गं," ती रडत म्हनली.

"म्हनूनच, आई."

आमदारांनी घड्याळ बघितलं. "चला, पुढचं घ्या," म्हनले. वाऱ्यानं दोन्ही खन सांडव्याकडं वाहायला लागले. आईची नजर त्यांच्यामागं.

वस्तीतली एक बी बाई पुढं आली न्हाई. खोटं कशाला बोलू? उलट म्हनल्या, हिच्यामुळं आता आपल्यालाबी भोगावं लागनार. भोगावं लागलंच. डेअरीनं आमचं दूध घ्यायचं बंद केलं. म्हनले, फॅट लागत न्हाई. बाप माझ्याशी कितीतरी म्हयने बोलला न्हाई.

जलपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मी हंडा घेऊन घाटावर गेले. भरला. चेअरमनच्या पुतन्यानं लाथ मारून उलटा केला. परत भरला. परत उलटा. तिसऱ्यांदा बी. चवथ्यांदा भरला तवा त्याचे पाय वले झाले व्हते आन् त्याला कंटाळा आला व्हता. तो हंडा मी घरी आनला. आई ते पानी प्यायली न्हाई. तिची घागर घेऊन ती सांडव्याकडं गेली.

आता वस्तीत नळ आलाय. काकी वारली. घाटावर कुनी बी जातं, अडवनारं कुनी उरलं न्हाई. तरी आई अजून घाटावर पाय ठेवत न्हाई. पलीकडं देवळात जायचं तरी तळ्याला वळसा घालून जाती. लोक म्हनत्यात, झालं गेलं इसरा. आईचे पाय इसरले तर मी इसरंन. काकीचं म्हातारपन बघून मला तिची कीव आली न्हाई, तिच्या मातीला बी मी गेले न्हाई.

दर साली तळं भरलं की मी सुट्टी टाकते आन् वटी भरते. सगळ्यांच्या आधी. कुनाला इचारत न्हाई. ह्या साली माझी पोरगी भरनार, सात वर्सांची हाय. तिला मी हात जोडायला शिकवलं न्हाई. एकच गोष्ट शिकवलीय आन् ती मी रोज इचारून बघते.

"वटी भरलीस, आन् कुनी म्हनलं काढ, तर काय म्हनशील?"

ती भाकरी खात असती. वर बघत बी न्हाई.

"न्हाई काढत."