जड झालेलं स्टिअरिंग

दसऱ्यानंतर आठवडाभरात अप्पांनी ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या सिमेंटच्या हौदावर घातला. घातला म्हणजे, वळताना पुढचं चाक हौदाला घासलं, एक कोपरा ढासळला आणि पाणी वाहून गेलं. कुणाला लागलं नाही. मी तेव्हा सोलापुरात होते. एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे आणि होटगीजवळच्या आमच्या वस्तीवरून रोज ये-जा करते. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, अंगणातल्या बाजेवर उजवा हात मांडीवर ठेवून बसले होते.

"वळंनाच झालं," ते म्हणाले. "हातात जोर न्हाय राहिला."

अप्पांचं वय त्र्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा धरला होता. डॉक्टरांनी व्यायाम दिले, अप्पांनी ते शाळकरी पोरासारखे नेमाने केले आणि खांदा सुटला. त्या संध्याकाळी मला खांदा सुटल्याचं आठवलं नाही, धरल्याचं तेवढं आठवलं. "वय झालं आता अप्पा. बास करा," असं म्हणून मी ट्रॅक्टरची किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. माझा स्वभावच तसा आहे. निर्णय घेऊन टाकला की मला हलकं वाटतं, तो बरोबर होता का हे मी सवडीने बघते.

अप्पांनी वाद घातला नाही. हा माणूस एसटीच्या कंडक्टरशी खिडकीच्या काचेवरून होटगी येईपर्यंत भांडत आलेला मी पाहिला आहे. त्याने किल्लीसारखी किल्ली गुमान देऊन टाकली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

ज्वारीची पेरणी तोंडावर होती. गावातला एक ट्रॅक्टरवाला येऊन त्याच्या ट्रॅक्टरने पेरून गेला. आमचा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला आणि अप्पा बाजेवर. चारपाच दिवसांत माझ्या लक्षात आलं की ते चहाचा कप डाव्या हाताने धरतात. मग दाढी करायला गावात न्हाव्याकडे जाऊ लागले. आई गेल्यापासून घरातली शेंगाचटणी तेच कुटायचे. उखळ परसात आहे, आणि त्यांच्या मुसळाचा आवाज ऐकून मी कितीतरी वर्षं सकाळी घड्याळ न बघता उठत आले. तो आवाज बंद झाला. मी सोलापुरातून चटणीचं पाकीट आणलं. आम्ही दोघांनी ती बिनतक्रार खाल्ली. चांगली नव्हती.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, सोयाबीनची पोती ठेवायला शेड रिकामं करायचं होतं. मी ट्रॅक्टर सुरू केला. तो मला येतो, कॉलेजात असताना अप्पांनीच शिकवला होता. ट्रॅक्टर वीसेक वर्षांचा असला तरी पॉवर स्टिअरिंगचा, मी एका हाताने वळवायचे. त्या दिवशी दोन्ही हातांनी ओढलं, सीटवरून अर्धी उठले, तरी चाक वीतभरच वळलं. आणि पुढून, बॉनेटखालून, म्हैस रेकावी तसा आवाज आला.

मी इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिले. माझा खांदा कधी धरला नव्हता.

अप्पांना काही बोलले नाही. आधी खात्री करायची होती. होटगीच्या मिस्त्रीला फोन करून आवाज ऐकवला, तर तो फोनवरच म्हणाला, "पंप गेला की. नवा टाका." न बघता निदान करणाऱ्या माणसाचा मला राग येतो. तीन आठवड्यांपूर्वी मीही तेच केलं होतं, हे तेव्हा मनात आलं नाही.

प्रयोगशाळेत पोरांना मी एक गोष्ट ओरडून ओरडून सांगते: एका वेळी एकच गोष्ट बदला. तसंच सुरू केलं. पुढच्या टायरांमध्ये हवा कमी होती, ती भरली. स्टिअरिंग तेवढंच जड. मग पुढच्या आसाखाली जॅक लावून दोन्ही चाकं अधांतरी उचलली. आमचं स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं आहे. सळया आणि सांधे साध्या ट्रॅक्टरसारखेच, तेलाचा दाब फक्त वरून जोर लावतो. त्यामुळे इंजिन बंद असतानाही उचललेली चाकं हाताने वळायला हवीत. ती वळली, कुठे अडकली नाहीत. म्हणजे सांधे ठीक, दोष तेलाकडचा. इंजिन चालू करून स्टिअरिंगच्या तेलाची टाकी उघडली. तेल भरपूर होतं, पण वर फेस, ताक घुसळल्यासारखा. फेस म्हणजे तेलाबरोबर हवा ओढली जातेय. टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या पट्ट्या आवळल्या. फेस कमी झाला नाही.

बाजेवरून अप्पा हे सगळं बघत होते. मध्येच म्हणाले, "कशाला खपतीस? चालवणारा कोन हाय आता?"

पंपाला तेल पुरत नसेल तर तो रेकणारच आणि दमणारच, मग त्याला का बदलायचं? तेल पंपापर्यंत का पोचत नाही ते बघायला हवं होतं. टाकीच्या तळाशी एक जाळी असते. तेल पिंपात उतरवून घेतलं, जाळी सोडवली आणि उजेडात धरली.

जाळीवर तांदूळ होते. पिवळे तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या आणि त्यांना धरून बसलेला कुंकवाचा लाल लगदा. तांदूळ जराही फुगले नव्हते, तेलात ते फुगत नाहीत. हे निरीक्षण मी तिथे उभ्या उभ्या केलं, याची मला आता गंमतही वाटते आणि रागही येतो.

आमच्याकडे खंडेनवमीला ट्रॅक्टरची पूजा नुसती बाहेरून होत नाही. राबतं ते इंजिन, मग बाहेरच्या पत्र्याला हार घालून काय उपयोग, असं अप्पांचं म्हणणं. म्हणून बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू वाहायचं, फुलं वाहायची आणि मूठभरून अक्षता टाकायच्या. चिमूटभर टाकलेल्या त्यांना चालत नाहीत. यंदा पूजेआधी अप्पा स्टिअरिंगच्या टाकीत तेल भरत होते. तेल भरून झालं आणि ते धोतर बदलायला आत गेले. मला कॉलेजच्या पूजेलाही पोचायचं होतं. मी त्यांची वाट न बघता पूजा उरकली, मूठ रिकामी केली आणि मग बॅटरीवर टाकीचं झाकण पडलेलं दिसलं. ते मी घट्ट लावलं. अप्पा हल्ली विसरतात, असंही मनात म्हटलं.

आता ती जाळी माझ्या हातात होती आणि अप्पा वीस पावलांवर. बांधावर झटकून टाकली असती तर त्यांना कळलंही नसतं. कचरा अडकला होता, एवढं सांगून भागलं असतं. हा विचार माझ्या मनात आला आणि बराच वेळ राहिला. मी स्वतःला फार सरळ समजत आले आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

मग जाळी तळहातावर घेऊन बाजेकडे गेले. अप्पांनी ती डाव्या हाताने घेतली, डोळ्यांजवळ नेली. एक तांदूळ नखाने सोडवला.

"ही तर आपलीच अक्षता की."

"व्हय. झाकण उघडं होतं. मी बघितलं न्हाय. मागनं लावलं."

मला वाटलं आता भडकतील. भडकले असते तर बरं झालं असतं. ते जाळीकडेच बघत होते. म्हणाले, "म्हंजी त्या दिवशी..." आणि थांबले. मांडीवरचा उजवा हात त्यांनी उलटा केला, मग सुलटा केला.

जाळी डिझेलने धुतली. नवं तेल हवं होतं, ते सोलापूरच्या भवानी पेठेतल्या दुकानातून आणायला सोमवार उजाडला.

सोमवारी रजा टाकून तेल आणलं, भरलं. आता तेलातली हवा काढायची होती. त्यासाठी चाकं उचललेलीच ठेवून, इंजिन सावकाश चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं असतं, आणि दुसऱ्याने टाकीतले बुडबुडे बघत उभं राहायचं असतं. हे काम एकट्याने होत नाही.

"अप्पा, बसता का वर?"

"हात चालत न्हाय."

"चाकं अधांतरी हायत. फिरवा की नुसतं."

ते चढले. आधी डाव्या हाताने फिरवलं, मग दोन्ही हातांनी. मी टाकीवर वाकले होते. बुडबुडे येत होते, कमी होत होते. आवाज बदलत बदलत थांबला. झाकण मी स्वतः लावलं, दोनदा तपासलं आणि जॅक उतरवला. चाकं जमिनीला टेकली.

"आता फिरवा."

अप्पांनी उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला. एकटा उजवा. पुढची चाकं माती सरकवत पूर्ण डावीकडे गेली, तिथून पूर्ण उजवीकडे. त्यांनी चारपाच वेळा तसंच केलं, गरज नसताना. मग इंजिन बंद करून सीटवरच बसून राहिले.

"मला वाटलं हुतं," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "आवाज बी आल्ता. जड झालंय म्हनून मिस्त्रीला बोलवावं म्हनत हुतो. पर तू म्हनलीस वय झालं. तू शिकलेली. म्हटलं, आसंल. मग खरंच हात उचलंना."

मला फार वाईट वाटलं. तीन आठवडे त्यांचा हात मी बंद पाडला होता, अक्षतांनी नव्हे. तसं म्हणायचं होतं. ते सोडून मी ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि सवयीने कंबरेला खोचून घराकडे निघाले. पर्स आत खुंटीला होती.

"ये अव्वा," अप्पांनी मागून हाक मारली. लाडाने ते मला अव्वा म्हणतात, कानडीत आई.

मी वळून बघितलं. ते खाली उतरले होते आणि त्यांनी उजवा हात पुढे केला होता.