पाचव्या घरचं पाणी

आमच्या सुर्जी गावात पोलीस कुणाच्या दाराशी आला, की संध्याकाळपर्यंत त्या घराची अब्रू चव्हाट्यावर येते. लोकांना बोलायला काय लागतं!

म्हणून आमचे जमादार पुंजाराम ज्या घरी काम असेल तिथे थेट कधी जायचे नाहीत. सायकल लावून आधी चार घरी पाणी प्यायचे, पिकापाण्याचं विचारायचे, मग पाचव्या घरी. काम कुणाकडे होतं, ते गल्लीला कळायचंच नाही. मला सगळ्यांच्या घरचं कळतं, पण हे मलाही कळत नसे. भारी राग यायचा त्यांचा.

त्यातलं एक काम मला पुढे कळलं. चार वर्षांपूर्वी भाजी विकणाऱ्या तानुबाईने त्यांना बाजारात हळूच गाठलं. नात खुशी कॉलेजला जायची, तेव्हा एक पोरगा रोज तिच्या मागे लागायचा. तानुबाईचा मुलगा, म्हणजे खुशीचा बाप मनोज, महातापट.

"घरी नोका येऊ भाऊ. मनोजले समजलं तं तो पोरीचं कॉलेजच बंद करन."

"येतो. पन कोनाले समजनार नाई."

त्या दुपारी ते अख्ख्या गल्लीचं पाणी प्यायले. घरोघरी एकच प्रश्न, "पोरी कॉलेजले कोन्त्या गाडीनं जातेत?" मनोजनेही तांब्या पुढे करत खुशीच्या गाडीची वेळ सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांतले जमादार बसस्टँडवर हजर. पोरगा रंगेहाथ सापडला. त्याला बापासमोर ठाण्यात बसवून असं समजावलं, की तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. खुशीचं नाव कुठेच निघालं नाही.

गेल्या महिन्यात खुशीला नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात नोकरी लागली. पेढे घेऊन ती आधी माझ्याकडे आली, मग आणखी तीन घरी. मनोज डबा धरून मागे. आता कुठे जातात बघावं म्हणून मीही निघाले, तर दोघं सरळ ठाण्याच्या पायऱ्या चढले!

"काम तं तुमच्याकडेच होतं काका," खुशी म्हणाली.

मनोज खाली बघत होता. "मायनं काल सारं सांगतलं. तवा समजलं असतं तं म्या इले घरीच बसवलं असतं."

पुंजारामांनी पेढा घेतला, पण खाईनात. डोळे भरून आले होते. माझेही आले, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं.

"वैनी, तुमी काहून आल्या?"

"पानी प्याले," मी म्हटलं.