कर्मूझमध्ये कुणाचाच फोन चालत नाही

माझे दाजी उस्ता बरकात हे अलेक्झांड्रियातल्या आमच्या कर्मूझ भागाचे प्लंबर. भिंतीला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि "इथं" म्हणून खडूनं फुली मारायची, एवढंच त्यांचं यंत्र. फुलीवर छिन्नी घातली की तुंबलेला पाइप नेमका सापडायचा. माझं इस्त्रीचं दुकान त्यांच्या घराखालीच आहे, त्यामुळे त्यांची कीर्ती आणि त्यांचे मळके शर्ट, दोन्ही आधी माझ्याकडे येतात.

गेल्या वर्षापासून मात्र दाजींना ऐकू येईनासं झालं. हे फक्त मला आणि माझ्या बहिणीला, नईमाताईला, ठाऊक. ताई म्हणायची, "जेवायला या, मासे निवतायत." दाजी म्हणायचे, "उद्या जाऊन बघतो." बाहेर ते गप्प बसून नुसती मान डोलवत, आणि लोकांना वाटे, उस्ता वयाबरोबर शहाणा झाला. पण भिंत काही मान डोलावून फसत नाही. रमजानच्या तोंडावर त्यांनी अतवा खाटकाच्या घरची अशी भिंत फोडली, की जिच्यात पाइपच नव्हता. अतवानं ते मटणाबरोबर गिऱ्हाइकांना फुकट वाटलं.

मग कुवेतला असलेल्या माझ्या भाचीनं, इल्हामनं, कुणाच्या तरी हाती एक वस्तू पाठवली. लांब लवचीक तार, एका टोकाला दिवा असलेला इवलासा कॅमेरा, दुसऱ्या टोकाला यूएसबीची पिन. तार मोरीत सोडायची, पिन फोनला लावायची, की पाइपच्या पोटातलं सगळं फोनवर दिसतं. दाजींकडे बटणांचा जुना फोन. त्याला पिन लावणं म्हणजे गाढवाला चष्मा लावणं.

इल्हामनं मला बजावलं, "मामा, स्वस्तातला घ्या, पण कुठलाही उचलू नका. बाहेरची यूएसबी वस्तू लावली की तिला ओळखणारा पाहिजे. कित्येक स्वस्त फोन ओळखच देत नाहीत. आधी लावून बघा, मगच घ्या."

घाई होती ती उम्म वहीदमुळे. ही आमच्या मागच्या बिल्डिंगमधली बाई. तिची मोरी तुंबलेली, आणि शुक्रवारी तिच्या कौसरला मागणी घालायला पाहुणे यायचे होते. तिच्या न्हाणीघराला गुलाबी फरश्या आहेत. तशा आता कुठंच मिळत नाहीत, आणि हे ती भेटेल त्याला सांगते.

"उस्ता, एकच फरशी फोडायची," ती म्हणाली होती. "दुसरीला हात लावलात, तर मी दुसरा प्लंबर बोलावीन."

तिनं दुसरा बोलावला असता, तर गल्लीत दाजींना कुणी वॉशर बदलायलाही बोलावलं नसतं. ताईनं पुढचंही ठरवून टाकलं होतं. धंदा बसला तर बोचकं बांधायचं आणि दमनहूरला दिराकडे जाऊन राहायचं. दीर बदकं पाळतो. दाजींना बदकांची चीड आहे, आणि बदकांनाही दाजींची असावी.

आम्ही फोनच्या बाजारात गेलो. पहिला दुकानदार म्हणाला, चालतो. दुसरा म्हणाला, पळतो. "मग खोका उघडा, तार लावून बघू," म्हटलं की सगळ्यांचं एकच उत्तर, सील तुटलं की फोन तुमचा. एक टोणगा तर म्हणाला, "काका, कॅमेरा काय घेऊन बसलात, याला फ्रीज जोडा." मला हसणारे दुकानदार आवडत नाहीत.

म्हणजे ज्यांच्याकडे स्वस्तातले फोन आहेत, त्यांनाच विचारायला हवं होतं. आणि खरी पंचाईत इथंच झाली, कारण आमच्याकडे आपली वस्तू चांगली आहे असं कुणी कबूल करत नाही. केलं की दृष्ट लागते. धंदा कसा चाललाय? बुडाला. तब्येत? शेवटचे दिवस. मी गुटगुटीत जन्मलो, म्हणून आईनं मला कितीतरी दिवस मुलीचा झगा घालून फिरवलं. त्याचा फोटो ताईकडे आहे, आणि भांडण झालं की ती तो बाहेर काढते.

कहवाखान्यात टेम्पोवाला झकी बसला होता. त्याच्या फोनला पेनड्राइव्ह लावलेला, आणि त्यावर गाणं इतक्या मोठ्यानं चाललेलं, की दाजींनाही ऐकू गेलं.

"झकी," मी विचारलं, "तुझा फोन पेनड्राइव्ह घेतो का रे?"

"कसला घेतो," झकी म्हणाला. "दगड आहे दगड. फेकून द्यायचाय."

गाणं चालूच होतं. अतवा खाटीक म्हणाला, त्याचा तर चार्जसुद्धा होत नाही. डॉमिनो खेळणाऱ्या टेबलावर सगळ्यांचे फोन मरायला टेकलेले. दाजींना राग यायचा तर ते समाधानानं मान डोलवत होते. त्यांनाही कुणी त्यांच्या छिन्नीबद्दल विचारलं, तर ती बोथटच असते.

तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस स्वतःच्या वस्तूबद्दल खोटं बोलेल, शेजाऱ्याच्या कशाला बोलेल? मी अतवाकडे वळलो.

"तुझं राहू दे. झकीचा फोन कसा आहे, ते सांग."

"झकीचा?" अतवा खुर्चीत सरसावून बसला. "अरे, लाखात एक. पेनड्राइव्ह घेतो, कीबोर्ड घेतो, परवा कसलासा कॅमेराही लावला होता यानं. आणि मिळाला किती स्वस्तात, विचार त्याला."

झकीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. दृष्ट परतवायला त्यानं पाची बोटं पसरून पंजा अतवाच्या तोंडापुढं धरला. "माझ्या फोनवर काय डोळा ठेवतोस? स्वतःचा सांग की. लोकहो, याच्या फोनला माउस चालतो."

"माउस नाही चालत," अतवा ओरडला. "कालच गेला."

मग काय, ज्याला त्याला दुसऱ्याच्या फोनचे गुण आठवले. कुणाच्या फोनला प्रिंटर चालतो, कुणाच्या फोनला जावयाची हार्डडिस्क. जिकडेतिकडे पंजे वर झाले. झकीनं घाईघाईनं फोन खिशात लपवायला उचलला, आणि तो हातातून सटकून सरळ अतवाच्या चहाच्या पेल्यात पडला.

"लागली," झकी मटकन खाली बसला. "लागली दृष्ट. मेला फोन." चहातून गाण्याचा आवाज येत होता.

दाजींनी तो बाहेर काढला, "पुसून देतो" म्हणाले, पुसला, पेनड्राइव्ह काढून कॅमेऱ्याची पिन खोचली आणि तार समोर धरली. फोनवर अतवाची मिशी उमटली. एकेक केस दोरखंडाएवढा, आणि मध्ये एक भाताचं शित. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी हुक्क्याच्या धुरावर ढकललं. त्याच संध्याकाळी आम्ही अगदी तस्साच फोन घेतला. दाजींनी त्याला दृष्टीचा निळा मणी बांधला, जुन्या मोज्यात घातला आणि ताईलासुद्धा सांगितलं, "बंदच पडलाय."

गुरुवारी उम्म वहीदकडे गेलो. न्हाणीघराच्या दारात ती, कौसर आणि शेजारच्या दोन बाया ठाण मांडून. नवा फोन आणि समोर आठ डोळे. दाजी काही तो मोज्यातून काढेनात. शेवटी त्यांनी टॉवेल मागितला, डोक्यावरून ओढून घेतला आणि आतून म्हणाले, "कान झाकला की नीट ऐकू येतं."

बायांना हे पटलं. आमच्याकडे काहीही पटतं, फोन चांगला आहे एवढं सोडून.

मी तार हळूहळू मोरीत सोडत होतो. टॉवेलच्या आत निळसर उजेड हलत होता आणि दाजी पुटपुटत होते. एकाएकी त्यांनी माझा पाय दाबला. मोरीच्या तोंडाशी तार होती तिथंच मी ती चिमटीत धरली, चिमटी न सोडता बाहेर ओढली आणि भिंतीवर पाइपच्या वाटेनं मापून बघितली. दाजींनी उगीच भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि फुली मारली. मग छिन्नी लावली. मला तर दमनहूरची सगळी बदकं एकदम ओरडताना ऐकू येत होती.

एक फरशी फुटली. खालचा पाइप उघडला, आणि आत अंग घासायच्या काथ्याचा बोळा अडकलेला, केसांनी गच्च. दाजींनी तो उपसला, आणि पाणी घळघळत खाली गेलं. दुसऱ्या फरशीला ओरखडाही नाही.

उम्म वहीदनं आनंदानं दोन्ही हात आधी आपल्या कानांना लावले, मग दाजींच्या कानांकडे दाखवले. "काय हे कान, उस्ता! असे कान अख्ख्या शहरात नाहीत कुणाचे."

तोंडानं एकदाही अल्लाचं नाव न घेता, आणि आमच्याकडे असं कौतुक म्हणजे दृष्टच. दाजींना ऐकू गेलं नसेल, पण हात बरोब्बर समजले. त्यांचा रंगच उडाला. पाठीमागं पंजा उघडला, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "कसले कान, बाई. कान गेलेत माझे. डाव्यानं काही ऐकू येत नाही, उजव्यानं म्हणाल तर नावापुरतं. वर्ष झालं."

हे ते कधी मलाही बोलले नव्हते. ताईलाही नाही. आम्ही आपले ओळखून होतो.

उम्म वहीदनं शेजारणीकडे बघितलं आणि समजून हसली. "बरोबर आहे, उस्ता. माझ्या कौसरलासुद्धा कुणी विचारत नाही हो." शेजारीण म्हणाली, शनिवारी आमचीही भिंत ऐकून जा. दाजींनी शहाण्यासारखी मान डोलावली.

जिन्यात त्यांनी माझी बाही धरली. "काय म्हणत होत्या?"

मी उजव्या कानाशी वाकलो. "तुमचे कान गेलेत, हे त्यांना पटत नाही."

दाजी पायरीवर बसले. फोन मोज्यातून काढून त्यांनी शर्टाला पुसला.

"मला तरी कुठं पटत होतं," ते म्हणाले.