वर बारा, खाली एकोणीस

माझा भाऊ ऑर्विल गोकी आयुष्यात दोनदा खोटं बोलला, आणि दोन्ही वेळा एकाच दुपारी, आमच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, शपथ घेऊन. एरवी तो गप्प बसायचा, पण खोटं बोलायचा नाही. त्या दोनातलं एक मला तिथेच कळलं. दुसरं कळायला तो मरावा लागला.

ऑर्विल खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचा. एकतीस वर्षं पाडली. डावा कान त्यातच गेला, म्हणून त्याच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागे, आणि भांडण निघालं की हा पठ्ठ्या मुद्दाम डावा कान पुढे करी. लग्न केलं नाही. आईवडिलांच्या घरात, क्विंबीच्या घळीच्या तोंडाशी, एकटा राहायचा. दर शुक्रवारी माझ्याकडे जेवायला यायचा, मीठ-पाण्यात उकडलेले बटाटे आणि तळलेला मासा. त्याच्या घरी भिंतीवर धान्याच्या दुकानाचं कॅलेंडर असे आणि त्याच्या चौकटींत बारीक अक्षरात सगळी नोंद: पाऊस, हरणं, दाढ काढली, हरणजीभ किती.

हरणजीभ हा नेचाच, पण नेच्यासारखा दिसत नाही. बाकीच्या नेच्यांची पानं कातरलेली असतात. हिचं पान अखंड, लांबट, हरणाने जीभ बाहेर काढावी तसं. चुनखडीच्या कड्यावर, सावलीत, जिथे खडकाच्या फटीतून भर जुलैत गार वारा येतो, तिथेच ती जगते. आमच्या राज्यात तिच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एक आमच्या परसामागे.

आमच्या शाळेच्या मिस टटल दर ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन घळीत जायच्या आणि रोपं मोजून वहीत आकडा लिहायच्या. "बत्तीस नाही, एकतीस! नोरीन, ते डोळे आहेत की शर्टाची बटणं?" असं मला सगळ्यांसमोर. ऑर्विलचा आकडा कधी चुकला नाही, त्यामुळे तो त्यांचा लाडका होता.

१९७१च्या जूनमध्ये माझं लग्न ठरलं. मी एकोणीस वर्षांची, नाकाचा शेंडा आभाळात. नव्या घराच्या उत्तरेच्या भिंतीशी मला सावलीचा वाफा करायचा होता आणि त्यात हरणजीभच हवी होती. का? तर शेजारणीकडे नव्हती म्हणून. दुसरं काही कारण नाही.

"खडकावरची आहे ती," ऑर्विल म्हणाला. "मातीत जगायची नाही."

"बहिणीच्या लग्नात एवढंसुद्धा करणार नाहीस? राहू दे मग."

झालं. त्याने वरच्या कड्यावरची बारा रोपं छिन्नीने सोडवून मला आणून दिली. ऑगस्टपर्यंत बाराच्या बारा काळी पडली. त्या वर्षी मिस टटलचं खुब्याचं हाड मोडलं होतं म्हणून मोजणी झाली नाही. पण पुढच्या वर्षी त्या काठी टेकत येणारच होत्या, आणि वहीत एकतीसच्या जागी एकोणीस लिहिणार होत्या. ऑर्विलची झोप उडाली. शेवटी त्याने एका रोपवाटिकेच्या कॅटलॉगमधून बारा रोपं मागवली. नाव तेच, चित्रही तेच. समुद्रापलीकडे हिची एक विलायती बहीण असते आणि रोपवाटिकावाले तीच विकतात, हे आम्हाला कुठून कळणार?

एप्रिलमधल्या एका रविवारी चर्चला दांडी मारून आम्ही दोघं घळीत गेलो. वरच्या कड्यावर त्याने बारा लावली. खालच्या गार फटीत जुनी एकोणीस होती, त्यांना आम्ही हात लावला नाही. रोपांची टोपली माझ्या हातात होती. हे मी मुद्दाम सांगतेय. मी तिथे होते.

ऑगस्टमध्ये मिस टटलनी मोजली, एकतीस. "एकही कमी नाही! आणि वरची तर काय तरारलीत यंदा!" ऑर्विल बुटांकडे बघत उभा राहिला. १९८० साली त्या थकल्या तेव्हा वही आणि भिंग त्यांनी त्याच्याच हातात दिलं. "तुझ्याइतका भरवशाचा माणूस या गावात नाही," म्हणाल्या. त्या शुक्रवारी त्याने बटाट्याला हात लावला नाही.

भिंग मिळालं आणि त्याचं नशीबच फिरलं. एका संध्याकाळी तो दोन पानं घेऊन आला आणि माझ्या टेबलावर उलटी ठेवली.

"मागच्या तपकिरी रेघा बघ, नोरी. बीजाणू असतात त्यांत. या पानाला रेघा कुठून कुठपर्यंत आहेत?"

"खालपासून वरपर्यंत."

"आणि याला?"

"वरच्या अर्ध्यातच. शेंड्याकडे."

"शेंड्याकडे रेघा, पान आखूड, ताठ, ते इथलं. लांबलचक, कडेला चुणीदार, देठापासून रेघा, ते विलायती. एका पानावरून ठरवायचं नाही, कोवळ्या पानाला रेघाच नसतात. पाच-सहा बघायची." मग तो हळूच म्हणाला, "वरची सगळी विलायती आहेत गं. मी लावलेली."

"मग उपटून टाक आणि मोकळा हो."

"उपटून बघितली. एक काढली की शेजारी दोन येतात. आणि खालची घरची मात्र कमी होतायत."

तो पुढची अठ्ठावीस वर्षं हेच करत राहिला. गुडघ्याखाली गालिच्याचा तुकडा घेऊन वरची उपटायची, खालची मोजायची. एकदा दरड आली, दोनदा दुष्काळ पडला. एकोणिसाची अकरा झाली, अकराची सात. गावात लोक त्याला 'हरणजिभेचा नवरा' म्हणायचे. त्यालाही ते ऐकू जायचं, उजव्या कानाने.

२००८ साली खाणवाल्यांना क्विंबीची घळ हवी झाली. चांगला दगड तिथेच उरला होता. विस्तार झाला नाही तर दोन वर्षांत खाण बंद, असं पत्र त्यांनी घरोघरी पाठवलं. माझ्या घरीही आलं. माझा मुलगा डेल तिथे लोडर चालवत होता आणि त्याची धाकटी तेव्हा तीन महिन्यांची होती. दुसऱ्या बाजूला कायदा होता. इथलं वाण, आपोआप उगवलेलं, घळीत सापडलं तर खाणीला दगडालाही हात लावता येणार नव्हता. विलायती असेल तर ते बागेतून सुटलेलं तण, त्याला कोण विचारतो.

तपासायला हिलरी ओस्ट्रँडर नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या बाई आल्या. तिशीच्या, चिखलाचे बूट, हसरा चेहरा. ऑर्विलचे गुडघे गेले होते म्हणून मी त्याला धरून वर नेलं. वरच्या कड्यावर साठेक रोपं डोलत होती. बाईंचे डोळे लकाकले. त्यांनी भिंग काढायला खिशात हात घातला तोच ऑर्विल बोलला.

"बाई, ही नाहीत. ही मी लावलीत. बहात्तर साली, कॅटलॉगमधून. इथली बारा मीच उपटली होती."

मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. तो बोलतच राहिला. सगळं 'मी, मी' करून सांगितलं. 'आम्ही' एकदाही म्हणाला नाही.

"खरी सात खाली आहेत. चला, दाखवतो."

खालच्या फटीपाशी बाई पालथ्या पडून बराच वेळ बघत होत्या. पाच पानं उलटली, बीजाणू कागदाच्या पुडीत घेतले. उठल्या तेव्हा हसू गेलेलं होतं.

"ही इथलीच आहेत, मिस्टर गोकी. बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजीन. इथल्याचे मोठे असतात, विलायतीचे लहान. पण तुम्ही मला आत्ता जे सांगितलंत, ते मला अहवालात लिहावं लागेल."

"लिहा की."

"तुम्ही समजून घ्या. या घळीत माणसाने रोपं लावलीत असं एकदा लिहिलं, की ही सातही कोणीतरी आणून लावली असतील असं ते म्हणतील."

घरी येताना मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. "गप्प बसला असतास तर काय जीभ झडली असती?"

"तिला एका मिनिटात कळलं असतं, नोरी. आणि मग खालची तिने बघितलीही नसती."

खरं होतं. म्हणून तर मला जास्तच राग आला.

सुनावणी ऑक्टोबरात, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये झाली. हॉल भरलेला, निम्मे लोक खाणीची जाकिटं घालून. डेल माझ्या शेजारी, तसंच जाकीट घालून. सकाळीच मला म्हणाला होता, "आई, मामाला काय बोलायचं ते बोलू दे. तू मध्ये पडू नकोस." बहात्तर सालातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. माझा स्वभाव तेवढा ठाऊक होता.

बाईंनी सांगितलं, बीजाणू मोठेच निघाले, सातही रोपं इथल्या वाणाची. खाणीचा वकील उठला, गुळगुळीत माणूस. "दुसऱ्या घळीतून उपटून आणून लावली असतील. मिस्टर गोकींना उपटायची आणि लावायची, दोन्ही सवयी आहेत, नाही का?" लोक हसले. माझ्या हाताची मूठ वळली, पण ती मांडीवरच राहिली.

सुनावणी घेणारे अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी मिस टटलची वही चाळली. तिच्यात नुसते एकूण आकडे, वर किती आणि खाली किती हे कुठेच नाही. मग ऑर्विलची कॅलेंडरं चाळली.

"ही सगळी ऐंशीपासूनची आहेत. त्याआधीची?"

"उंदरांनी खाल्ली."

"मिस्टर गोकी, तुम्ही रोपं लावली तेव्हा खालची आधीच तिथे होती, हे दुसऱ्या कोणी बघितलं असेल तर या अर्जाचा निकाल वेगळा लागू शकतो. त्या दिवशी तुमच्यासोबत कोणी होतं?"

ऑर्विलने मान वळवली. मी तिसऱ्या रांगेत होते. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग डेलच्या जाकिटाकडे, मग परत माझ्याकडे. मी उठायला हवं होतं. पाय होते, जीभ होती, आयुष्यभर कोणाला घाबरले नव्हते. मी पर्सची चेन उघडली आणि लावली.

"नाही," ऑर्विल म्हणाला. "मी एकटाच होतो."

निकाल डिसेंबरात लागला. घळ खाणीला. सात रोपं उचलून एका काचघरात न्यावीत, एवढी दया दाखवली. ऑर्विल बाईंना म्हणाला, "उचलू नका. खडकातच मरू द्या." बाई रडल्या, पण हुकूम हुकूम होता. पुढच्या हिवाळ्यापर्यंत सातही गेली. बाईंनी दर वेळी फोन करून कळवलं, एक-एक करून.

सुरुंग उडाला त्या दिवशी शुक्रवार होता. माझ्या खिडकीची तावदानं थरथरली. संध्याकाळी तो जेवायला आला, नेहमीसारखा. मी समोर बसले आणि म्हटलं, "ऑर्विल, त्या दिवशी हॉलमध्ये मी..."

त्याने डावा कान पुढे केला. "बटाटे छान झालेत," म्हणाला.

दोन वर्षांनी तो गेला. फुफ्फुसं खाणीच्या धुळीने दगड झाली होती. शेवटच्या शुक्रवारी तीन घास खाल्ले. मी परत तो विषय काढला नाही, आणि याचं कारण त्याचा कान नव्हता, मी भित्री होते.

एप्रिलमध्ये डेल आणि मी त्याचं घर आवरायला गेलो. परसामागे आता घळ नाही, नुसता पांढरा खड्डा. दगडाच्या ढिगाऱ्यावर विलायती हरणजीभ उगवली आहे, झकास, हिरवीगार. कपाटात त्याच्या हिवाळी शर्टांखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लागलं. धान्याच्या दुकानाची कॅलेंडरं होती, एकोणीसशे अडुसष्ट ते एकोणऐंशी. एकाही पानाला उंदराचा दात लागलेला नव्हता.

मी बहात्तरचा एप्रिल काढला. रविवार, तेवीस. त्याचं बारीक अक्षर: "ढगाळ. नोरीबरोबर घळीत. वर बारा लावली. खाली एकोणीस, सगळी ठीक, हात लावला नाही."

वर बारा, खाली एकोणीस, तारीख, वार, सगळं होतं. हे एक पान त्या हॉलमध्ये टेबलावर ठेवलं असतं तर घळ वाचली असती. पण पानावर माझं नाव होतं, आणि मी तिसऱ्या रांगेत पर्सशी खेळत बसले होते. जाळूनही टाकलं नाही त्याने. मोजलेला आकडा जाळणं त्याच्याच्याने झालं नसतं.

डेल खोकं घेऊन मागे कधी येऊन उभा राहिला ते मला कळलं नाही. त्याने माझ्या खांद्यावरून वाचलं, मग पुन्हा वाचलं. त्या कड्याचा दगड त्याच्याच लोडरने उचलला होता.

"आई," तो म्हणाला, "तू होतीस तिथे?"

"होते," मी म्हटलं.